तेवढं दार लावून घ्या

पाडव्याला बहिणीकडे जेवायला गेलो होतो. भाचा हिंजवडीत एका कंपनीत नोकरी करतो. एरवी बोलबोल बोलणारा मुलगा त्या दिवशी पानावर गप्प बसला होता. खोदून विचारल्यावर कळलं की वर्षअखेरच्या मूल्यमापनात त्याच्या साहेबांनी एक ओळ लिहिली होती: काम चोख, पण लिहिण्याचा सूर उद्धट. ज्या मेलवरून हे झालं तो त्याने मला फोनवर काढून दाखवला. दोनच वाक्यं. 'प्लीज सेंड द करेक्टेड फाइल टुडे. आय वॉन्ट टू चेक इट बिफोर द कॉल.' मेल गेला होता इंग्लंडमधल्या एका बाईंना, वयाने आणि हुद्द्यानेही मोठ्या. "मावशी, प्लीज लिहिलंय की. आणखी काय करायला हवं होतं?"

मी काही बोलायच्या आतच पंगतीत दोन तट पडले. भाच्याचे वडील म्हणाले, यात नवल काय, आपल्या भाषेत 'प्लीज'ला धड शब्द नाही, 'कृपया' फक्त पाटीवर लिहायला. विनय आपल्या रक्तातच नाही, पुण्यात तर नाहीच नाही. माझे दीर उसळले. म्हणाले, सरळ काम सांगितलं तर उद्धट कसं? दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी, अजून त्यांच्यापुढे 'कुड यू, वुड यू' करत वाकायचं का? श्रीखंड संपलं तरी वाद संपला नाही. आणि हा आमच्या घरचाच वाद आहे असंही नाही. कुणाला दुकानात तुसडं उत्तर मिळालं, कुणाची मुलाखत फसली, की पुण्यात हीच दोन भाषणं सुरू होतात: एक आत्मनिंदेचं, एक अस्मितेचं.

मला दोन्ही भाषणं चुकीची वाटतात, आणि दोघांची चूक एकच आहे. दोघेही विनयाला शब्द समजतात. एकाला तो शब्द आपल्याकडे नाही याची लाज वाटते, दुसऱ्याला अभिमान. पण विनंती शब्दात नसते, ती क्रियापदाच्या रूपात असते, म्हणजे व्याकरणात. आणि त्या बाबतीत मराठी इतकी श्रीमंत आहे की इंग्रजीचे कुड, वुड, मे, माइट मराठी मुलाला अवघड जाण्याचं काहीच कारण नाही. ते अवघड जातात, कारण आम्ही इंग्रजीच्या शिक्षकांनी ते मराठीपासून तोडून शिकवले. 'आम्ही' म्हणते आहे, कारण मीही तीस वर्षं तेच केलं.

कसं ते सांगते. फळ्यावर तक्ता काढायचा. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे केलंच पाहिजे, शुड म्हणजे सल्ला. मुलांनी उतरवून घ्यायचा. परीक्षेत वाक्य येणार, त्यातलं साहाय्यक क्रियापद ओळखून ते शक्यता दाखवतं की बंधन, एवढं लिहिलं की गुण मिळाले. गंमत अशी की त्याच वर्गात, आधीच्याच तासाला, मराठीच्या बाईंनी विध्यर्थ शिकवलेला असायचा: क्रियापदाच्या रूपावरून कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा असे अर्थ निघतात तेव्हा तो विध्यर्थ. मुलांनी आई-वडिलांची आज्ञा पाळावी. आता पाऊस थांबावा. कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा! आणि पुढच्या तासाला मी तीच यादी नव्या नावांनी, परक्या वस्तूसारखी, पुन्हा फळ्यावर काढायचे. एका भिंतीपलीकडे दोघी एकच गोष्ट शिकवत होतो आणि मधल्या सुट्टीत एका टेबलावर डबा खात होतो. तीस वर्षांत एकदाही हे आमच्या बोलण्यात आलं नाही.

विध्यर्थाला मी व्याकरणातलं एक प्रकरण समजत होते. पण आपलं सगळं जुनं सौजन्य त्याच्यावरच तर उभं आहे. 'लोभ असावा' हे काय आहे? 'कळावे' काय आहे? लग्नपत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' असं छापतो तेव्हा आपण 'या' म्हणत नाही, 'यावे' म्हणूनही थांबत नाही. येण्याचं एक नाम करतो आणि ते 'करावे' असं लांबून सुचवतो. 'वुड यू बी काइंड इनफ टू कम' यापेक्षा हे वळण कमी आहे का? आणखी मागे जायचं तर पाणिनीकडे जाता येतं. त्याचं एक सूत्र आहे, विधिनिमन्त्रणामन्त्रणाधीष्टसंप्रश्नप्रार्थनेषु लिङ्. क्रियापदाचं एकच रूप कुठे कुठे वापरायचं ते सांगताना त्याने आज्ञेपासून प्रार्थनेपर्यंत सहा पायऱ्या मोजल्या. त्यात निमंत्रण आणि आमंत्रण वेगळे: टीकाकार सांगतात की निमंत्रण हे नाकारता न येणारं बोलावणं आणि आमंत्रण म्हणजे यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. अधीष्ट म्हणजे आदरपूर्वक काम सांगणं, गुरुजींना 'मुलाला शिकवावं' म्हणतात तसं. ज्या शहरात भांडारकर संस्था 1917 पासून आणि डेक्कन कॉलेज त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे, तिथे 'आपल्याकडे विनंतीचं व्याकरणच नाही' असं श्रीखंड खाता खाता म्हटलं जातं, याला काय म्हणायचं?

पण मला पाणिनीची गरज नाही. सकाळी दारात उभा राहणारा माणूस पुरे आहे. तो म्हणतो, "जरा काम होतं." होतं? म्हणजे आता नाही? काम आत्ताच आहे, म्हणून तर तो आलाय. "एक विचारायचं होतं", "थोडं बोलायचं होतं", बँकेतला कारकूनही मान वर न करता विचारतो, "काय काम होतं?" वर्तमानातली गरज आपण भूतकाळात ढकलून बोलतो. का? कारण भूतकाळात ढकललं की मागणं लांबचं होतं, समोरच्याच्या अंगावर येत नाही. नाही म्हणायला त्याला जागा राहते. इंग्रजी नेमकं हेच करते. कुड हे कॅनचं भूतकाळी रूप, वुड हे विलचं, माइट हे मेचं, शुड हे शॅलचं. 'कुड यू सेंड' यात भूतकाळाचा काळाशी काही संबंध नाही, तिथे भूतकाळ म्हणजे अंतर. (कुडच्या स्पेलिंगमधलं ते मुकं एल मुळात नव्हतंच, वुड-शुडच्या संगतीने ते तिथे येऊन बसलं. मुलं चिडतात ते उगाच नाही.) ज्या मुलाला 'एक विचारायचं होतं' म्हणता येतं त्याला 'आय वॉन्टेड टू आस्क' आणि 'कुड यू' समजायला दहा मिनिटं लागतील. मी ती दहा मिनिटं कधी दिली नाहीत. मी त्याला सांगितलं, कुड म्हणजे 'शकला'. मग तो 'कुड यू हेल्प मी' याचं भाषांतर मनात 'तू मला मदत करू शकलास का' असं करतो आणि गोंधळून 'प्लीज'कडे पळतो.

अशी आणखी कितीतरी जोड्या आहेत. रिक्षावाल्याला आपण "तुमच्याकडे सुटे नसतील ना?" असं विचारतो, नकार आधीच त्याच्या हातात देऊन. इंग्रज म्हणतो, 'यू वुडन्ट हॅव चेंज, वुड यू?' चाल तीच. हॉटेलात "एक चहा मिळेल का?" म्हणतो, त्यात देणारा गायबच केलेला असतो. आणि 'तेवढं' हा शब्द! "जाताना तेवढं दार लावून घ्या." एवढंसं काम, तेही जाता जाता, आणि 'लावून घ्या' म्हणजे जणू तुमचंच. क्रियापद निव्वळ आज्ञार्थी, तरी या वाक्याचा राग येऊन दाखवावा कुणी. 'जरा', 'ना', 'की', 'हं', 'बघा जमलं तर' ही सगळी याच कामाची माणसं. इंग्रजीत यांना शब्दाला शब्द सापडत नाही, म्हणून भाषांतरात ती गळून जातात आणि उरतो तो आज्ञार्थाचा सांगाडा. भाच्याने तो मेल मनात मराठीत रचला असणार: "ती दुरुस्त केलेली फाइल तेवढी आज पाठवा ना, कॉलच्या आधी मला जरा बघायची होती." 'तेवढी' गेली, 'ना' गेला, 'जरा' गेलं, 'होती'चं 'वॉन्ट' झालं, आणि या सगळ्यांच्या जागी एकटं 'प्लीज' उभं राहिलं. आज्ञेला 'प्लीज' लावलं तर ती सभ्य आज्ञा होते, विनंती होत नाही. इंग्रज साहेबाचा 'प्लीज' हाताखालच्या माणसाला चालतो. वरच्या बाईला चालत नाही. उद्धट मुलगा नव्हता, भाषांतर उद्धट झालं.

आता भाच्याच्या वडिलांची बाजू, कारण त्यांच्याकडे एक मुद्दा असा आहे की तो मी टाळला तर हा लेख अप्रामाणिक होईल. ते म्हणाले, "तुमचं ते 'तेवढं' आणि 'जरा' ठीक आहे, पण ते कुणाशी? आपल्या बरोबरीच्यांशी. सोसायटीच्या वॉचमनशी कसं बोलता?" यावर टेबल गप्प झालं, आणि मीही. साठीच्या वॉचमनला पंचविशीतली मुलं 'ए' करतात. भाजीवालीला 'मावशी' म्हणतात आणि पुढे 'दे' म्हणतात. मराठीची आदराची रूपं कुणाला मिळायची आणि कुणी वापरायची हे शतकानुशतकं जातीने ठरवलं होतं. 'जोहार मायबाप जोहार' हा चोखोबांचा अभंग आपण भक्तीने म्हणतो, पण तो जोहार एका जातीवर लादलेला नमस्कार होता. आंबेडकरी चळवळीने तो टाकून 'जय भीम' घेतला तो काही व्याकरणाच्या हौसेने नव्हे. त्यापुढे इंग्रजीचं 'यू' बघा. साहेबाला यू, शिपायालाही यू. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'अरे' ऐकावं लागलं त्याला इंग्रजीच्या या सपाटीत मोकळा श्वास मिळाला असेल, तर तो त्याचा अनुभव खरा आहे. मराठीच्या गोडव्याचं कौतुक करून मी तो खोडू शकत नाही.

पण यातून 'म्हणून प्लीज शिकवा' हा निष्कर्ष कसा निघतो? इंग्रजीतही अरे-तुरे होतं: दाऊ. 1603 साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याला म्हणाला, 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर'. म्हणजे मी तुला अरे-तुरे करतो, गद्दारा. अपमान करायला त्याला शिवी शोधावी लागली नाही, सर्वनाम पुरलं. त्याच शतकात क्वेकर पंथाचे लोक उलटं करू लागले: देवापुढे सगळे समान, म्हणून न्यायाधीशालाही दाऊ. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. शेवटी प्रमाण इंग्रजीतून दाऊ जवळपास नाहीसं झालं ते कसं? सगळ्यांना 'तू' करून नव्हे, सगळ्यांना 'तुम्ही' करून. इंग्रजीतली ती समता म्हणजे सरसकट अहो-जाहो आहे. मग वॉचमनचा प्रश्न सोडवायला इंग्रजी कशाला हवी? 'अहो' हा शब्द मराठीतच आहे, फुकट आहे, आणि उद्या सकाळी गेटवर वापरता येतो. 'प्लीज गेट उघड' म्हणणारे मी खूप पाहिलेत. त्यातलं प्लीज इंग्रजी आहे आणि 'उघड' जुनंच आहे.

शिवाय इंग्रजीत उतरंड संपली हेही खरं नाही, ती सर्वनामातून निघून या मे-माइटमध्ये जाऊन लपली. साहेब 'यू माइट वॉन्ट टू लुक अ‍ॅट धिस अगेन' म्हणतो तेव्हा ती सूचना नसते, हुकूम असतो. नवखा मराठी मुलगा 'माइट' म्हणजे शक्यता असं माझ्या तक्त्यावरून समजतो आणि काम तसंच ठेवतो. आपल्याकडे निदान 'तू' म्हटल्यावर कळतं तरी की आपल्याला खालचं समजलंय.

आणि ही भाषा बोलणाऱ्यांनी आपल्या भाषांतून काय उचललं? यूल आणि बर्नेल या दोघांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश 1886 मध्ये छापून आला, हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलण्यातल्या देशी शब्दांचा. त्यात पकडाओ, बनाओ, लगाओ असे शब्द क्रियापदं म्हणून भेटतात. संपादकच नोंदवतात की ही मुळात आज्ञार्थी रूपं. साहेबलोकांनी तीच मूळ धातू म्हणून वापरात आणली. म्हणजे घरात कुड आणि वुडचे इतके पदर असणाऱ्या माणसांच्या कानावर आणि तोंडात आपल्या भाषेची आज्ञार्थापलीकडची रूपं फारशी बसलीच नाहीत, कारण ज्यांच्याशी ती भाषा बोलायची ते नोकर होते. विनय कुणाच्या रक्तात असतो या चर्चेत मी हा कोश पुढे सरकवीन. व्याकरण येणं वेगळं, ते समोरच्यावर खर्च करावंसं वाटणं वेगळं. आपल्या पाट्यांचंही तेच. 'गेटसमोर गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडण्यात येईल.' 'नये' हा शुद्ध विध्यर्थी निषेध, 'सोडण्यात येईल' यात कर्ता नाही, सूर कसा सभ्य! पुणेरी पाटीइतकं नम्र व्याकरण दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि तिचा डंख त्या नम्रतेतच असतो.

म्हणूनच दिरांचं 'सरळ बोलणं हा आमचा बाणा' हेही मला पटत नाही. आपण सरळ कधी बोललो? ज्या शहराने विनयाचं हत्यार केलं त्याने 'आम्हाला आडवळण येत नाही' म्हणावं हा विनोद आहे. आणि वाकण्याबद्दल म्हणाल, तर याच पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणाले आणि 1880 साली त्यांनीच न्यू इंग्लिश स्कूल काढलं. वाघिणीचं दूध काढायचं तर तिच्या कलाने घ्यावं लागतं. इंग्लंडमधल्या बाईंना त्यांच्या भाषेत पत्र लिहिताना त्यांच्या भाषेचं अंतर पाळणं यात गुलामी कसली? आपण पंढरपूरला आणि पाटण्याला वेगवेगळं बोलतोच की. हे फक्त आपलंच दुखणंही नाही. अ‍ॅना विएर्झबिका या पोलिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1985 मध्ये दाखवून दिलं की पोलिशमध्ये आज्ञार्थ सहज चालतो, तिथे 'तुम्ही अमुक करू शकाल का' हा विनंतीचा स्वाभाविक मार्ग नाही, आणि इंग्रजीची रीत म्हणजेच जगाची सभ्यता हे गृहीतच चूक आहे. पोलिश माणूस आपल्या भाषेला लाजला नाही; त्याने फरक मांडून दाखवला.

फरक मांडला नाही तर काय होतं? उलटी गंगा. बँकेला फोन लावा. "मी आपली काय मदत करू शकते?" ही कुठली मराठी? 'बोला' किंवा 'काय काम होतं?' यात काय कमी होतं? "आपण थोडा वेळ थांबू शकाल का?" मी थांबू शकते हो, माझे पाय ठीक आहेत, "जरा थांबता का?" असं विचारा ना. जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने 1975 साली एका निबंधात हेच कोडं मांडलं: 'कॅन यू पास द सॉल्ट' हा प्रश्न ताकदीबद्दल आहे, पण ऐकणारा मीठ देतो, ते कसं? मराठीत ते कोडंच पडत नाही, कारण आपण ताकद विचारतच नाही. 'देता का', 'द्याल का' असं घडणं विचारतो. ताकदीचेही आपल्याकडे दोन वेगळे प्रकार आहेत. 'मला पोहता येतं' म्हणजे शिकले आहे. 'मी पोहू शकते' म्हणजे ताप उतरलाय, आता हरकत नाही. कॅनच्या एका घोंगडीखाली हा फरक झाकला गेला, आणि आता मुलं सर्रास 'मी गाडी चालवू शकतो' म्हणतात, येते की परवानगी आहे की आज वेळ आहे, कळायला मार्ग नाही. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. पंचवीस वर्षांत इंग्रजीची विनंती मुलांना आली की नाही हे भाच्याच्या मेलवरून दिसतं. मराठीची मात्र जायला लागली आहे.

एक आक्षेप माझ्याच जुन्या सहकारी बाईंनी घेतला, आणि तो व्यवहाराचा आहे. वर्गात साठ मुलं, त्यांतल्या अनेकांच्या घरची मराठी पुस्तकातल्यासारखी नाही, काहींची मराठीच नाही. तिथे तू मराठीवरून इंग्रजी कसं शिकवणार? भाषांतराच्या पद्धतीनेच तर इतकी वर्षं वाटोळं झालं. खरं आहे. तर्खडकरांच्या जुन्या भाषांतर पाठमालेतली वाक्यं घोकून इंग्रजी बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण मी भाषांतर म्हणत नाही, तुलना म्हणते. वाक्याच्या बदल्यात वाक्य मागायचं नाही. कुणाला काय मागायचंय आणि तो किती लांबचा आहे, हे आधी ठरवायचं, मग प्रत्येक भाषेत तिची तिची सोय शोधायची. वऱ्हाडी घरातल्या किंवा मारवाडी घरातल्या मुलालाही घरी आजोबांकडे पैसे मागता येतात. ते मागणं तो कसं गुंडाळतो, तिथून सुरू करायचं.

भाच्याचा मेल आम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा लिहिला. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड द करेक्टेड फाइल टुडे. आय वॉज होपिंग टू हॅव अ लुक बिफोर द कॉल.' त्याला ते फारच लांबण लावल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, 'पाठवाल का विचारत होतो, कॉलच्या आधी नजर टाकावी म्हणत होतो', हे लांबण आहे का? म्हणाला, "नाही, हे तर आपण बोलतोच." मग वॉज, वॉज, कुड बोटाने दाखवत म्हणाला, "होतो, होतो... हे 'होतो'च आहे सगळं."

बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत साहाय्यक क्रियापद ओळखण्याचा एक प्रश्न ठेवायचा तर ठेवा, पण त्याशेजारी असा एक हवा: वरच्या मजल्यावरच्या आजोबांना रेडिओ हळू करायला सांगायचं आहे. तुमच्या घरी जे बोलता त्या भाषेत तीन प्रकारे सांगा. मग इंग्रजीत तीन प्रकारे. सहांपैकी कोणतं वाक्य वॉचमनला, कोणतं मुख्याध्यापकांना आणि कोणतं धाकट्या भावाला चालेल ते लिहा, आणि एखादं तिघांनाही चालत असेल तर का, तेही. तपासायला वेळ लागेल हे कबूल. ठरावीक उत्तर नसलेले पेपर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पंख्याखाली बसून तपासलेत, मला माहीत आहे. वॉचमनचा रकाना मात्र आधी वाचीन.